बायकांच्या गप्पा आणि युद्धाचं गणित

या अंकात व्हिडिओ गेमवरचा लेख पाहून काही मैत्रिणींच्या कपाळाला आठ्या पडतील. पोटगीच्या केसेस तुंबल्यात, अंगणवाडी सेविकांना मानधनासाठी रस्त्यावर उतरावं लागतं, आणि हिला हे काय खूळ सुचलं? माझं उत्तर असं : जात्यावरच्या ओव्यांत बाईचं मन शोधायला आपणच गेलो. जाहिरातीतल्या बाईचं शरीर कुणाच्या नजरेसाठी मांडलंय, हा प्रश्न आपणच विचारला. टीव्ही मालिकांतल्या सोशिक सुनांवर शिबिरांमधून गटचर्चा आपणच घेतल्या. करमणूक कधी नुसती करमणूक नसते, हे सांगण्यात आपली हयात गेली. मग ज्या करमणुकीत आज कितीतरी मुली शंभर-शंभर तास घालवतात, तिच्याकडेच पाठ का फिरवायची?

मी हे काठावर बसून लिहीत नाही. मी हे खेळ खेळते. त्यातल्या काही संवादांवर माझा जीव आहे. म्हणूनच त्यांच्याशी भांडण्याचा हक्क मी सांगते.

पटावरची माणसं

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘फायर एम्ब्लेम’ ही जपानी खेळांची मालिका. इंटेलिजन्ट सिस्टिम्स ही कंपनी ती बनवते, निन्टेन्डो ती बाजारात आणते. पहिला खेळ १९९० चा. बुद्धिबळासारखा चौकोनांचा पट असतो. आधी आपली चाल, मग शत्रूची. पण इथल्या प्याद्यांना नाव असतं, घर असतं, घरातली दुखणी असतात. आणि मूळ नियम असा की पटावर मेलेलं माणूस पुन्हा परतत नाही. (पुढच्या काळातल्या खेळांत हा नियम बंद ठेवायची सोय झाली.)

२००२ च्या ‘द बाइंडिंग ब्लेड’पासून या मालिकेत एक गोष्ट रुजली. दोन माणसं पटावर शेजारीशेजारी उभी राहिली, डावामागून डाव तशीच राहिली, की त्यांच्यात जवळीक वाढते. मग दोघांचा एक संवाद उघडतो. पहिल्या पायरीला सी, मग बी, मग ए. पहिल्या संवादात अवघडलेली ओळख, दुसऱ्यात एखादं जुनं दुखणं उघडं होतं, तिसऱ्यात विश्वास. प्रत्येक पायरीबरोबर दोघांचा नेम सुधारतो, शत्रूचा वार चुकवणं सोपं होतं.

खेळणाऱ्या बायका एकत्र जमल्या की लढाया कुणाला आठवत नाहीत, हे संवाद आठवतात. ‘तुझा सगळ्यात आवडता कुठला?’ हा प्रश्न निघाला की तासन् तास जातात. २००३ च्या ‘द ब्लेझिंग ब्लेड’मधल्या लिन आणि फ्लोरिना घ्या. लिनचे आईवडील, टोळीतली बहुतेक माणसं लुटारूंनी मारून टाकलेली. फ्लोरिना पंखांच्या घोड्यावरून लढते, पण पुरुष समोर आला की तिची बोबडी वळते. या दोघी एकमेकींशी बोलतात ते कुठल्या राजपुत्राबद्दल नव्हे. एकमेकींच्या आधाराबद्दल बोलतात. राजकन्येनं वाट पाहायची आणि राजपुत्रानं सोडवायचं, एवढ्यावर वाढलेल्या आमच्या पिढीला हे वाळवंटात पाणी सापडल्यासारखं होतं.

जवळिकीची प्रतवारी

आता भांडणाकडे येते. या खेळात मैत्री फुकट नसते. तिची प्रतवारी होते आणि ती लढाईत खर्ची पडते. तू मला तुझ्या मेलेल्या भावाबद्दल सांगितलंस, मी ऐकलं; झालं, आता माझा भाला नीट लागेल. मनातलं बोलणं म्हणजे दारूगोळ्याचं कोठार.

यावर कुणी म्हणेल, पुरुषांच्या मैत्रीचंही तेच होतं की. खरं आहे. तिथेही गुण मिळतात, तिथेही नेम सुधारतो. पण बाईच्या वाट्याला ही गोष्ट जुनीच आहे. घरातल्या माणसांचं मन सांभाळायचं, रुसवेफुगवे काढायचे, कामावरून आलेल्या माणसाला पुन्हा कामावर जाण्याजोगं करायचं, हे श्रम आपण पिढ्यान् पिढ्या करतो. ते कुणी मोजत नाही, हे आपलं पहिलं गाऱ्हाणं. या खेळानं ते मोजले, पण मोजले ते लढाईच्या खात्यावर. बाईला त्या बोलण्यातून स्वतःसाठी काय मिळालं, याला रकाना नाही.

गंमत अशी की खेळणाऱ्या बायकांनी हा हिशोब केव्हाच मोडून काढलाय. शत्रू संपत आला, जिंकायला एकच चाल उरली, की त्या थांबतात. दोन मैत्रिणींना पटाच्या कोपऱ्यात शेजारी उभं करतात आणि नुसत्या ‘डाव संपला, डाव संपला’ करत राहतात. का? तर पुढचा संवाद ऐकायचाय. २००३ च्या खेळात याची शिक्षाही आहे. शेवटी तुमच्या डावपेचांची श्रेणी लागते आणि जास्त डाव घेतले तर ती घसरते. शिवाय एका माणसाला एका खेळीत असे पाचच संवाद मिळतात. जिवाभावाच्या बोलण्यालाही रेशन! तरी त्या थांबतात. दोन बायकांचं बोलणं पुरं व्हावं म्हणून युद्ध खोळंबून ठेवतात. मला यात खेळ बनवणाऱ्यांपेक्षा खेळणाऱ्यांचं शहाणपण जास्त दिसतं.

कूस कुणाच्या कामाची?

बाईच्या बाबतीत हा हिशोब जवळिकीवर थांबत नाही. तो कुशीपर्यंत जातो.

१९९६ च्या ‘जिनिऑलॉजी ऑफ द होली वॉर’मध्ये कथेच्या मध्यावर कत्तल होते. नायकासह पहिली पिढी कापली जाते. पुढचं युद्ध त्यांची मुलं लढतात. पहिल्या भागात कुठल्या बाईचं कुणाशी जमवायचं, हे बरंचसं आपण ठरवायचं, कारण मुलांच्या अंगी येणारे गुण, कौशल्यं, दैवी रक्ताचा अंश त्यावर ठरतो. एखादी बाई एकटीच राहिली तर तिच्या मुलांच्या जागी दुसरीच मुलं येतात आणि ती बहुधा कमी कुवतीची असतात. अविवाहित बाई म्हणजे सैन्याचा तोटा, असा हा सरळ निरोप.

२०१२ च्या ‘अवेकनिंग’नं जवळिकीला चौथी पायरी लावली, एस. म्हणजे लग्न. तेही बाई आणि पुरुषाचंच. इथे मोजके अपवाद सोडले तर प्रत्येक बाईचं मूल ठरलेलं आहे, बाप मात्र आपण निवडायचा. खेळाडूंनी तक्ते बनवले : अमकीला कुठला बाप घातला तर मुलगा सर्वात बळकट निघेल. हे तक्ते पाहताना मला लीला दुबे यांची आठवण झाली. पुरुष म्हणजे बीज आणि बाई म्हणजे जमीन, या रूपकामागे बाईचे हक्क कसे गाडले जातात, ते त्यांनी १९८६ मध्ये उलगडून दाखवलं होतं. जमीन ठरलेली, बियाणं निवडायचं, पीक रणांगणावर. जपानमध्ये बसून कुणी मनुस्मृती वाचली नसेल, पण गणित तेच निघालं.

बरं, २०१५ च्या ‘फेट्स’मध्ये उलट केलं. तिथे बहुतेक मुलं बापाच्या नावावर ठरलेली. मग आईचा वाटा काय उरला? काही आकडे, एखादं कौशल्य आणि पोराच्या केसांचा रंग! म्हणजे आई ठरलेली असली तरी ती जमीन आणि बदलती असली तरी बिनमहत्त्वाची. शिवाय मुलं वाढवायची कटकट नको म्हणून ती वेगळ्या जगात ठेवलेली, जिथे काळ भराभर सरतो. लग्न झालं की थोड्याच वेळात तलवार घेऊन तयार पोर हजर. ‘अवेकनिंग’मध्ये ती भविष्यातून येतात. दोन्हीकडे बाळंतपण नाही, रात्रीची जागरणं नाहीत, पाळणाघराचा प्रश्न नाही. युद्धाला शिपाई हवा आहे, मूल नकोय.

‘अवेकनिंग’मधला आणखी एक तपशील सांगते. नायक क्रोमचं लग्न कथेत व्हावंच लागतं. त्याच्यासाठी चालणाऱ्या मोजक्याच बायका आहेत. त्यांच्यापैकी कुणीच उरली नसेल तर त्याचं लग्न गावातल्या एका मुलीशी लागतं. तिला नाव नाही. राजपुत्राला बायको पाहिजे, वंशाला मुलगी पाहिजे, म्हणून एक बाई आणली आणि काम झाल्यावर तिला विसरून गेले. आपल्या कुळांच्या वंशावळीत किती आज्या अशा बिननावाच्या आहेत, घरी जाऊन जरूर पाहा.

आणि याच खेळात हजार वर्षांहून मोठी म्हणून सांगितलेली, पण शरीरानं आणि वागण्यानं लहान पोर असलेली नोवी आहे. तिच्याशीही लग्न लावता येतं. हजार वर्षांचा तो आकडा कुणाची अडचण सोडवण्यासाठी घातलाय, हे सांगायची गरज नाही.

पेल्यातली पूड

‘फेट्स’मध्ये सोलेई नावाची मुलगी आहे. देखण्या बायका दिसल्या की ती विरघळते, लढताना गडबडते. तिला यातून ‘बाहेर काढायचं’ म्हणून जपानी खेळातला नायक तिच्या पेयात तिला न सांगता जादूची पूड टाकतो. मग तिला पुरुष बायकांसारखे आणि बायका पुरुषांसारख्या दिसू लागतात. पुढे ती याच नायकाच्या प्रेमात पडते. हे प्रेमाचं प्रकरण म्हणून लिहिलेलं आहे.

मैत्रिणींनो, अशा पेल्यांच्या तक्रारी आपण ऐकल्या आहेत. बायकांवर प्रेम करणाऱ्या मुलींना ‘सुधारण्या’साठी घरात काय काय केलं जातं, तेही ऐकलं आहे.

२०१६ मध्ये खेळ अमेरिकेत आणि युरोपात आला तेव्हा हा संवाद बदलला गेला. लगेच ओरड सुरू झाली, ही सेन्सॉरशिप आहे! या ओरडीला माझं उत्तर सरळ आहे. बाईच्या पेल्यात गुपचूप काही टाकणं आणि त्याला प्रेम म्हणणं, हा कुणाचा कलास्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर त्यानं आधी त्या पेल्याच्या दुसऱ्या बाजूला बसून पाहावं. पण म्हणून कात्रीवर माझा भरवसा आहे असंही नाही. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध १९८६ मध्ये आपल्याकडे कायदा झाला, त्यानं जाहिरातवाल्यांची नजर बदलली का? १९९८ मध्ये ‘फायर’ चित्रपटावर हल्ले झाले तेव्हा कात्री कुणाच्या हाती जाते तेही आपण पाहिलं. कंपनीनं तो मजकूर गुपचूप लिहिला आणि गुपचूप बदलला. मला हवी आहे ती उघड चर्चा : हे कुणी लिहिलं, त्या खोलीत बाई होती का, असली तर तिला बोलता आलं का?

इंग्रिड, डोरोथिया आणि रक्तातली खूण

आता ज्या खेळासाठी मी हे सगळं सहन करते त्याकडे. २०१९ चा ‘थ्री हाउसेस’. यातल्या सरदार घराण्यांत पिढीजात एक खूण रक्तातून येते. तिला ‘क्रेस्ट’ म्हणतात. खूण असलेला मुलगा वारस होतो, नसलेल्याला घराबाहेर काढलं जातं. साहजिकच खूण असलेल्या मुलीची किंमत तिच्या कुशीवर ठरते.

इंग्रिड ही गरीब सरदाराची मुलगी. तिला शिलेदार व्हायचंय. ज्याच्याशी ठरलं होतं तो मारला गेला. आता बाप स्थळांमागून स्थळं धाडतो, कारण मुलीच्या रक्तातल्या खुणेवर घराचं कर्ज फिटेल. मर्सिडीजचंही तेच. तिला दत्तक घेणारा व्यापारी तिच्या खुणेच्या जोरावर मोठं घराणं गाठायला निघालाय. हानमान नावाचे प्राध्यापक आयुष्यभर या खुणांचा अभ्यास का करतात? कारण त्यांच्या बहिणीला खुणेच्या वारसासाठी लग्नात ढकललं आणि ती त्यातच गेली. हे सगळं मुख्य कथेत नाही. ते या गप्पांतून, चहाच्या टेबलावर, तबेल्यात, ग्रंथालयात कळतं. इतिहास दरबारात लिहिला जातो आणि बाईचा इतिहास गप्पांत सापडतो, हे आपल्याला नवं नाही.

१९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिलं की जातीची भिंत टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. त्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य आणि मुलींची बालवयातली लग्नं ही हत्यारं वापरली गेली. रक्त शुद्ध ठेवायचं तर बाईला कोंडलंच पाहिजे. ‘थ्री हाउसेस’ची सरदारकी युरोपच्या थाटाची आहे, पण ज्यानं हा निबंध वाचलाय त्याला इंग्रिडच्या बापाची पत्रं ओळखीची वाटतील.

यात माझी सर्वात लाडकी डोरोथिया. आई मोलकरीण, बाप सरदार. पोरीत खूण नाही म्हटल्यावर त्यानं दोघींना हाकललं. डोरोथिया रस्त्यावर वाढली, गाण्याच्या जोरावर ऑपेरा कंपनीत नाव काढलं. आता ती श्रीमंत जोडीदार शोधते आणि ते लपवत नाही. आवाज जाईल, रूप जाईल, मग मला कोण विचारणार, हा तिचा प्रश्न आहे. अनेकांनी तिला ‘पैशामागे लागलेली’ म्हटलं. मी म्हणते, जिच्या नावावर ना घर ना जमीन, तिच्या या प्रश्नाला आधी उत्तर द्या, मग तिला नावं ठेवा. तमाशातल्या, संगीतबारीतल्या कलावंतीणींच्या म्हातारपणाबद्दल आपण काय केलं, तेही त्याच श्वासात सांगा.

एका छोट्या मोहिमेत इंग्रिडला एका श्रीमंत व्यापाऱ्याचं स्थळ येतं. डोरोथियाला त्या माणसाचं नाव ठाऊक असतं. ती गप्प बसत नाही. त्याचे धंदे शोधून काढते, मदत गोळा करते आणि मैत्रिणीला त्यातून सोडवते. मी हे पहिल्यांदा खेळले तेव्हा मला आपलं सल्ला केंद्र दिसलं. स्थळाची चौकशी करायला निघालेल्या दोघी कार्यकर्त्या, एकीच्या हातात वही, दुसरीच्या पर्समध्ये पाण्याची बाटली!

पण इथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. बर्नाडेटा ही मुलगी खोलीबाहेर पडत नाही. का, तर बापानं तिला ‘चांगली बायको’ बनवण्यासाठी खुर्चीला बांधून गप्प बसायला शिकवलं होतं. एवढी भयंकर गोष्ट खेळ सांगतो आणि पुढच्याच क्षणी तिच्या किंचाळण्यावर हशा पिकवतो. छळ सोसलेल्या मुलीची भीती ही विनोदाची जागा झाली. तसंच सिल्वानचं. तो गावभर मुली फिरवणार आणि निस्तरायला इंग्रिड जाणार, लहानपणापासून. त्याच्या मनातली जखम आपल्याला सविस्तर ऐकवली जाते. ज्या मुलींना त्यानं फिरवलं त्यांच्यापैकी कुणाला एक संवाद मिळाला आहे का?

‘खेळच तर आहे!’

हे वाक्य मला दोन बाजूंनी ऐकावं लागतं. खेळणारे पुरुष म्हणतात, मनावर काय घेता, खेळच तर आहे. मग एक संवाद बदलला तेव्हा इतकं आकांडतांडव का केलंत बाबांनो? खेळच तर होता!

दुसरीकडे आपल्या मैत्रिणी म्हणतात, ही सुखवस्तू घरांतली चैन आहे. हे मात्र मला मान्य आहे. ही यंत्रं महाग आहेत, खेळ इंग्रजीत आहेत, वस्तीतल्या मुलीच्या हाती ते क्वचितच येतात. पण जी मुलगी आज महागडं यंत्र घेऊन बसली आहे तीच उद्या कदाचित असे खेळ लिहिणार आहे, निदान विकत घेणार आहे. तिनं काय मागावं हे आपण तिच्याशी बोललो नाही, तर ते बाजार ठरवेल. आणि बाजाराचं उत्तर सोपं असतं : प्रत्येकाला खूश ठेवा. २०२३ च्या ‘एंगेज’मध्ये नायक बाई असो वा पुरुष, कुणालाही अंगठी देऊ शकतो. ‘फेट्स’मध्ये समलिंगी लग्नासाठी नायकाला एकच पुरुष आणि नायिकेला एकच बाई ठेवली होती. त्या मानानं हे पुढचं पाऊल, त्याचं स्वागत. पण ‘नाही’ म्हणणारी बाई त्यात कुठे आहे? अंगठी पुढे केली की ती घ्यायची, एवढंच तिचं काम असेल तर पर्याय वाढले ते देणाऱ्याचे.

आपलं म्हणणं काय?

मला हे खेळ बंद पडायला नको आहेत. मला त्यांत ही बाई हवी आहे : जी एस पायरीवर येऊन शांतपणे नकार देईल आणि तरीही तिचा भाला नीट लागेल. जी एकटी राहील आणि तिच्यामुळे सैन्याचं नुकसान झालं असं खेळ सांगणार नाही. जिचं मूल तिच्या इच्छेनं होईल, आणि झालं तर कुणीतरी रात्री त्याच्यासाठी जागेल. आणि मला दोन बायकांमधले असे संवाद हवेत ज्यांना कुठलाही गुण मिळणार नाही. शेतावरून परतताना, नळावर, मोर्चाच्या ट्रकमध्ये आपण जे बोलतो ते कुणाचा नेम सुधारावा म्हणून बोलत नाही.

ज्या गटांत तरुण मुली येतात त्यांना एक सुचवते. पुढच्या शिबिरात इंग्रिड आणि डोरोथियाचा एखादा संवाद मराठीत सांगा, दोघींना उभं करून वाचायला लावा. मग विचारा : इंग्रिडनं बापाला काय उत्तर लिहावं? डोरोथियाच्या म्हातारपणाची सोय कुणी करायची? मुली बोलतील, कारण त्या स्वतःबद्दल बोलत नाहीत असं त्यांना वाटेल. आणि बोलता बोलता स्वतःबद्दलच बोलू लागतील. त्या जे बोलतील ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यांच्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.